दात्याचें नांव कोठें आहे? — वऱ्हाडांतील ख्रिस्ती मंडळीच्या दानसेवेच्या साधनांची चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे हेमाडपंती देवळें, शिलालेख, देशमुख-देशपांड्यांच्या सनदा आणि मोडी कागदांचे रुमाल हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. संग्राहकांचा ओढा तिकडे असावा हें स्वाभाविकच आहे. तथापि गेलीं शंभराहून अधिक वर्षें या जिल्ह्यांत मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्या नांदत आल्या आहेत, आणि त्यांच्याहि कागदांस आतां जुन्या कागदांची योग्यता प्राप्त झाली आहे. या मंडळ्यांच्या इतिहासांत सर्वांत ठळक दिसणारी गोष्ट म्हणजे दान व सेवा ही होय. अनाथालय, शाळा, दवाखाना यांविषयीं लिहिणाऱ्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. तें लेखन इतिहासाचें साधन या नात्यानें कितपत विश्वसनीय आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हीं घेतला आहे.

आमचा सिद्धान्त थोडक्यांत असा. या विषयावरील नेहमीं हातीं येणाऱ्या छापील लेखनांत दात्याच्या जागीं परदेशस्थ मनुष्य आणि प्रतिग्रहीत्याच्या जागीं मराठी मनुष्य उभा केलेला असतो. मिशनचे मित्र आणि मिशनचे टीकाकार यांचें इतर सर्व बाबतींत वैर असलें तरी या एका बाबतींत दोघांचें एकमत आहे. वादी व प्रतिवादी दोघेहि जी गोष्ट गृहीत धरून चालतात ती न्यायाधीशानें विशेष बारकाईनें तपासावी लागते. तसेंच येथें आहे.

१. दानपत्राची कसोटी

दानलेख वाचण्याची संवय या त्रैमासिकाच्या वाचकांस आहे. ताम्रपट हातीं आला म्हणजे दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, देय काय, काळ कोणता, सीमा कोणत्या हें आपण क्रमानें पाहतों. या पाहण्यास शास्त्राचाहि आधार आहे. देवलानें दानाचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्मानें मिळविलेलें देय, देश आणि काल. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें चतुर्वर्गचिन्तामणीचें एक संपूर्ण खंड दानासच वाहिलें. तेव्हां दानाची छाननी करण्याची ही रीति महाराष्ट्राच्या भूमींत सातशें वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे.

परंतु ताम्रपट वाचतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. पत्र दात्याच्या आज्ञेनें कोरलेलें असतें. म्हणून वंशावळ त्याची, बिरुदें त्याचीं आणि पुण्यहि त्याचेंच. प्रतिग्रहीत्याचें गोत्र व शाखा येते. पण ज्या कुणब्यानें ती जमीन नांगरावयाची आणि जिच्या उत्पन्नावर दान चालावयाचें, त्याचें नांव बहुधा येत नाहीं. पत्र खोटें असतें असा याचा अर्थ नव्हे. पत्राचें प्रयोजनच निराळें असतें, इतकेंच.

मिशनचे अहवाल व तत्सम पुस्तकें हीं याच जातीचीं पत्रें होत. तीं समुद्रापलीकडील देणगीदारांसाठीं लिहिलेलीं असतात, आणि दिलेल्या देणगीचा विनियोग दाखवून पुढील देणगीची वाट मोकळी करणें हा त्यांचा हेतु असतो. त्यांत देणारा दिसतो, घेणारें अनाथ मूल दिसतें, आणि दोघांमध्यें उभा असलेला मिशनरी दिसतो. त्या मुलाच्या तोंडांत घांस घालणारा हात मात्र बहुधा चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

योगायोग असा कीं, आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें महत्त्वाचीं दोन पुस्तकें १९०८ या एकाच सालीं निघालीं. एक म्हणजे सी. ब्राऊन व आर. व्ही. रसेल यांनीं संपादिलेलें यवतमाळ जिल्ह्याचें गॅझेटियर. दुसरें म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड व फीबी वॉर्ड या दांपत्याचें शिकागोहून प्रसिद्ध झालेलें पुस्तक. त्याच्या नांवाचा अर्थ 'भरतखंडांतील प्रतिध्वनि' असा होतो. पहिलें कारभाऱ्यांचें आहे आणि दुसरें उपदेशकांचें. वॉर्डांनीं पुस्तकाच्या नांवांत 'भरतखंड' हा शब्द घातला हें विशेष आहे, कारण तो आमच्या नित्य संकल्पांतला शब्द आहे. संकल्प म्हणजे देश व काल यांचा उच्चार करून कर्त्यानें आपल्या नांवगोत्रासह केलेली प्रतिज्ञा. संकल्पांत कर्ता स्वतः बोलतो. प्रतिध्वनि मात्र मूळ आवाजापासून दूर, दुसऱ्या कांठावर ऐकूं येतो. वॉर्डांच्या पुस्तकाचा कांठ अमेरिकेचा आहे, आणि ग्रंथकारांनीं नांवांतच तें प्रामाणिकपणें सांगितलें आहे. मूळ आवाज मराठी होता. तो ऐकण्यासाठीं दुसरीकडे गेलें पाहिजे.

२. यवतमाळची मंडळी

वॉर्ड दांपत्य १८८१ सालीं हिंदुस्थानांत आलें आणि प्रथम बऱ्हाणपुरास राहिलें. ज्या फ्री मेथॉडिस्ट पंथाचे ते उपदेशक होते त्याचें मुख्य ठाणें पुढें यवतमाळास झालें. या पंथाच्या नांवाचा अर्थ समजून घेतल्यावांचून त्याच्या दानाचा अर्थ लागत नाहीं. हा पंथ अमेरिकेंत न्यूयॉर्क प्रांतांत १८६० सालीं बेंजामिन टायटस रॉबर्ट्स यांच्या पुढारीपणाखालीं निघाला. त्या काळीं तिकडील पुष्कळ प्रार्थनामंदिरांत बसावयाचीं बांकें भाड्यानें अगर विकत दिलीं जात. पैसेवाला पुढें बसे आणि गरीब मागें उभा राही. रॉबर्ट्स यांचा या चालीस विरोध होता, तसाच तो गुलामगिरीसहि होता. 'फ्री' या शब्दांत हे दोन्ही अर्थ आहेत: बांक सर्वांस मोकळें, आणि मनुष्य मोकळा.

आमच्याकडे 'फ्री' म्हणजे 'फुकट' असा अर्थ चटकन घेतला जातो. तो येथें लागूं करणें चुकीचें आहे. बांकाचें भाडें बंद केलें म्हणजे मंदिराचा खर्च बंद होत नाहीं. तो खर्च प्रत्येकानें आपल्या खुषीनें दिलेल्या अर्पणांतून चालवावा लागतो. तेव्हां ज्या पंथांत जागा विकत मिळत नाहीं त्या पंथांत देण्याचें कर्तव्य प्रत्येक सभासदावर येतें, आणि गरिबासहि त्यांतून सूट नाहीं. मेथॉडिस्ट परंपरेचे मूळ पुरुष जॉन वेस्ली यांनीं द्रव्याच्या उपयोगावरील प्रवचनांत मिळविणें, जपणें आणि देणें या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या म्हणून मांडल्या, आणि शेवटची कडी नसेल तर पहिल्या दोहोंस किंमत नाहीं असें बजाविलें. या मताची मंडळी केवळ घेणाऱ्यांची असूं शकत नाहीं. तिच्यांत आलेला दरिद्री मनुष्यहि त्याच दिवशीं दाता होतो.

आतां यवतमाळची परिस्थिति पाहूं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत-वऱ्हाड होरपळून निघाले. जिल्हा तेव्हां 'वून' म्हणजे वणी या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि 'यवतमाळ' हें नांव आलें. मूर्तिजापुराहून येणारी लहान रुळांची आगगाडी या दुष्काळांनंतरच यवतमाळास पोंचली. म्हणजे या दोन्ही दुष्काळांत यवतमाळ गांवास रेल्वे नव्हती. धामणगांवच्या स्टेशनावरून बैलगाडीच्या वाटेनेंच तेथें जावें लागे. अशा ठिकाणीं मिशननें दुष्काळांतील अनाथ मुलांसाठीं अनाथालय चालविलें.

येथें आम्ही एक साधा हिशेब मांडतों. अनाथालय चालविणें म्हणजे रोज दळण दळणें, पेज शिजविणें, पाणी भरणें, हगवणीनें आजारी पडलेल्या मुलांचीं वस्त्रें धुणें, आणि रात्रीं तापांतल्या मुलाजवळ बसणें. नुकते मराठी शिकलेले मूठभर परदेशी लोक हें सर्व आपल्या हातांनीं करूं शकत नाहींत. पैसा शिकागोचा असला तरी जांत्याचा खुंटा मराठी हातांतच असला पाहिजे. हें अनुमान आहे, परंतु धुरावरून अग्नीच्या अनुमानाइतकेंच तें बळकट आहे. त्यास सपक्ष दृष्टान्त केडगांवचा देतां येतो. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळांतच गेले होते. १८९७ च्या सुमारास त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, तेथून उपासमारीनें खंगलेल्या स्त्रिया व मुली आणून त्यांनीं त्यांस केडगांवीं आसरा दिला, आणि आधीं आलेल्या स्त्रियांनींच मागून आलेल्यांची शुश्रूषा व शिक्षण हातीं घेतलें. तेथें हें आपणांस ठाऊक आहे, कारण संस्थेची चालक मराठी होती आणि ती स्वतः लिहीत होती.

यवतमाळचा पुढील इतिहास थोडक्यांत असा. १९३८ सालीं येथें मराठींतून बायबलाचें शिक्षण देणारी शाळा निघाली. १९५३ सालीं तिचें रूपांतर अनेक पंथांच्या सहकार्यानें चालणाऱ्या युनियन बिब्लिकल सेमिनरींत झालें, आणि १९८३ सालीं ती संस्था पुण्यास गेली. जिल्ह्यांत उमरी येथें मिशनचा दवाखाना निघाला. संस्था स्थलांतर करते तेव्हां तिचें ग्रंथालय पेटाऱ्यांत बांधून सोबत जातें. किरकोळ हिशेबाच्या वह्या मात्र कोणाच्या तरी माळ्यावर राहतात. संग्राहकांनीं ही तारीख म्हणूनच टिपून ठेवावी.

३. शब्दांची साक्ष

दाता कोण हें ठरविण्यास दुसरें साधन भाषेचें आहे. मराठी बायबलाची परंपरा दोनशें वर्षांची आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यांतून विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं नवा करार काढला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ सालीं पुरा झाला. आणि पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलें संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं केडगांवीं छापून निघालें. या भाषांतरांचें गुणदोषविवेचन हा स्वतंत्र विषय आहे. येथें प्रचलित मराठी बायबलांतील देण्याचे कांहीं शब्द तेवढे तपासतों.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत गरिबांस गुप्तपणें देण्याची जी आज्ञा आहे तेथें 'दानधर्म' हा शब्द योजिला आहे. शब्द योग्य आहे, परंतु त्याच्या पोटांत एक अडचण आहे. आमच्या शास्त्रीय दानांत प्रतिग्रहीता श्रेष्ठ असतो. दाता त्याचे पाय धुतो. लौकिक दानधर्मांत उलट दाता ओट्यावर आणि याचक पायरीखालीं असतो. दोन्हीकडे उंचसखलपणा आहे. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत देण्याची जी मीमांसा आहे तिचें सूत्र मात्र 'समता' हें आहे. तेथें 'इसोतेस' असाच ग्रीक शब्द आहे. आज एकाची भरती दुसऱ्याची तूट भरून काढते, उद्यां तेंच उलट होतें.

यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठीं पौलानें जो पैसा जमविला त्यास ग्रीकमध्यें एके ठिकाणीं 'कोइनोनिया' म्हणजे सहभाग, दुसरीकडे 'दियाकोनिया' म्हणजे सेवा, आणि तिसरीकडे 'लैतुर्गिया' असें म्हटलें आहे. हा तिसरा शब्द विशेष आहे. ग्रीक नगरांत धनाढ्य नागरिकानें स्वखर्चानें उचलावयाच्या सार्वजनिक कामास तो लावीत. आमच्या 'पूर्त' शब्दाच्या तो जवळ येतो. विहीर, तळें, अन्नछत्र हें श्रीमंताचें पूर्त. पौलानें तोच शब्द सामान्य लोकांच्या पैपैच्या अर्पणास लाविला. मराठी भाषांतरकारांनीं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत या जमविण्यास 'वर्गणी' म्हटलें आहे. आमच्या मतें मराठी बायबलांतील देण्याच्या शब्दांत हा सर्वांत अन्वर्थक होय. वर्गणींत याचक नाहीं आणि यजमानहि नाहीं. गांवच्या सप्ताहाची वर्गणी असो कीं तालमीची, जो वर्गांत आहे तो देतो, आणि दिल्यानें तो वर्गांतला ठरतो. त्याचप्रमाणें चर्च या अर्थीं 'मंडळी' हा शब्द इमारतीचा बोध न करितां माणसांचाच बोध करितो, हेंहि लक्षांत घ्यावें.

विधवेच्या दोन नाण्यांची कथा प्रसिद्ध आहे. तिच्या नाण्यांस मराठींत 'टोल्या' आणि 'दमडी' म्हटलें आहे. नाणेसंग्राहकांस हे शब्द रुचतील. परंतु येथें त्यांचें मोल निराळें आहे. ही कथा मराठींत ऐकणाऱ्या शेतमजूर बाईस दानाचें नाणें परकें वाटत नाहीं. तें तिच्या कनवटीचें असतें.

आमच्या ग्रंथांशीं तुलना केल्यास साम्यहि दिसतें. गीतेच्या सतराव्या अध्यायांत जो उलट उपकार करूं शकणार नाहीं त्यास दिलेलें दान सात्त्विक ठरविलें आहे. लूकाच्या चौदाव्या अध्यायांत परतफेड करूं न शकणाऱ्यांसच जेवावयास बोलाविण्याचा उपदेश आहे. भेद आहे तो 'पात्र' या कल्पनेचा. गीता देश, काल व पात्र तिन्ही पाहण्यास सांगते. तथापि अन्नदानांत भूक हीच पात्रता मानणारें मत आमच्या निबंधकारांतहि आहे, आणि दुष्काळांत दोन्ही परंपरा एकाच पंक्तीस येऊन बसतात. तसेंच, दान बोलून दाखविल्यानें तें क्षय पावतें असें मनूच्या चौथ्या अध्यायांत सांगितलें आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा आशयहि तोच आहे.

येथें इतिहासकारापुढें पेंच उभा राहतो. जो शास्त्राप्रमाणें देतो तो नांव लपवितो. जो नांव लपवीत नाहीं त्याचेंच नांव कागदावर उरतें. मग खऱ्या दात्याचा इतिहास लिहावा कसा? या पेंचाचें उत्तर पौलाच्याच पत्रांत आहे. आठव्या अध्यायांत तो सांगतो कीं, एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणी बोट दाखवूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला मनुष्य आपण बरोबर घेतला आहे. म्हणजे दाता झांकावा, पण हिशेब उघडा ठेवावा. दात्याची प्रशस्ति निषिद्ध आहे. रकमेची नोंद आवश्यक आहे. ही नोंद म्हणजेच मंडळीची वही, आणि प्रशस्ति नसल्यामुळें साधन म्हणून ती ताम्रपटाहून अधिक निर्मळ असते.

४. स्मृतिचित्रांची साक्ष

मराठी ख्रिस्ती घराच्या आंतून देणें कसें दिसतें हें सांगणारा सर्वमान्य ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून पुढें तीं चार भागांत निघालीं. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला व लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. वाचक या ग्रंथाची वाखाणणी विनोदासाठीं व भाषेसाठीं करितात. आम्हांस तो हिशेबाच्या दृष्टीनें वाचावासा वाटतो. टिळकांचा हात सढळ होता. हातांत आलेला पैसा घरीं पोंचेल याची शाश्वति नसे. दान टिळकांचें, पण त्या दानाची झळ सोसणारी लक्ष्मीबाई. घरांत आश्रित व परकीं मुलें राहत, आणि त्यांच्या ताटांत काय वाढावयाचें हा प्रश्न कवीपुढें नसून चुलीपुढें असे. कोणत्याहि अहवालांत न येणारी ही बाजू या एका ग्रंथांत लख्ख दिसते: दानशूर पुरुषाच्या मागें दुसरा एक दाता असतो, आणि त्याची श्रद्धा, त्याचें देय, त्याचा काल हीं अंगें वेगळीं मोजावीं लागतात. देवलाच्या सहा अंगांत गृहिणीस निराळी जागा नाहीं. स्मृतिचित्रांनीं ती दिली आहे.

अट घालून दिलेलें दान आणि निरपेक्ष दान यांतील भेदहि येथें पाहावयास मिळतो. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवि हे टिळकांच्या घरीं मुलासारखे राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच होते. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडलें व 'देवाचा दरबार' स्थापन केला. परदेशी पैशावर अवलंबून न राहणारा ख्रिस्तसेवेचा मार्ग शोधणें हें त्यांत होतें. १९१९ सालीं ते वारले, म्हणून प्रयोग अपुरा राहिला. तत्पूर्वीं १९०५ सालीं श्रीरामपुरास नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली होती, तिचेंहि तत्त्व माणसें, पैसा आणि कारभार हीं तिन्हीं हिंदी असावींत हें होतें. मराठी ख्रिस्ती मनुष्यास 'मी दाता आहें' ही जाणीव केव्हांपासून होती, याचा हा लेखी पुरावा होय.

मात्र या ग्रंथाचा उपयोग करितांना मर्यादा पाळली पाहिजे. स्मृतिचित्रें आठवणींतून लिहिलेलीं आहेत, दप्तरांतून नव्हे. कालानुक्रमासाठीं त्यांवर एकट्यावर भिस्त ठेवूं नये. शिवाय टिळक शिकलेले, प्रसिद्ध आणि नगरच्या जुन्या व मोठ्या मिशनशीं जोडलेले होते. यवतमाळच्या दुष्काळांतून वाढलेल्या मंडळीचें घर त्यांच्या घरासारखें होतें असें म्हणणें अतिव्याप्तीचा दोष होईल. स्मृतिचित्रें वाट दाखवितात. मुक्काम आपण शोधावयाचा आहे.

५. टीकाकारांची बाजू

मिशनच्या दानावर घेतला जाणारा आक्षेप सर्वांस ठाऊक आहे: तें दान नसून धर्मांतराचें मोल आहे. या आक्षेपाची सर्वांत विस्तृत मांडणी नागपुरास झाली. मध्यप्रदेश सरकारनें १९५४ सालीं डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रदेशांतच असल्यामुळें यवतमाळ जिल्हा तिच्या कक्षेंत येत होता. शाळा, दवाखाने व अनाथालयें यांचा धर्मांतराचें साधन म्हणून उपयोग होतो आणि त्यामागें परदेशी पैसा आहे, असा समितीचा निष्कर्ष होता. ख्रिस्ती पक्षानें तो एकतर्फी म्हणून नाकारला.

त्या वादांत निवाडा देण्याचें हें स्थळ नव्हे. परदेशाहून येणाऱ्या द्रव्याचा हिशेब विचारणें हा राज्याचा अधिकार आहे, आणि देवलाच्या 'श्रद्धा' या अंगाची परीक्षा करणें हा टीकाकाराचा अधिकार आहे. उपाशी मुलास वाढतांना त्याच्या धर्माचा विचार मनांत असेल तर दान त्या प्रमाणांत मलिन होतें, हें गीता व शुभवर्तमान दोहोंच्याहि कसोटीनें म्हणावें लागेल. परंतु साधनचिकित्सेच्या दृष्टीनें आम्हांस दिसतें तें निराळेंच. मिशनचा अहवाल म्हणतो: पैसा आमचा, उपकार आमचा. टीकाकार म्हणतो: पैसा त्यांचा, कावा त्यांचा. दोन्हींतला मराठी ख्रिस्ती मनुष्य केवळ हात पसरून उभा आहे. एकाच्या मतें कृतज्ञ, दुसऱ्याच्या मतें भुललेला. त्यानें स्वतः कधीं कांहीं दिलें असेल ही शक्यता दोघांच्याहि मनांस शिवत नाहीं. म्हणून दोघांच्याहि लेखनावर तिसऱ्या साक्षीदाराची जरूरी आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे मंडळीची स्वतःची वही.

असा साक्षीदार असला म्हणजे चित्र कसें पालटतें याचें उदाहरण आसामपलीकडील मिझो लोकांचें आहे. तेथें १९१० पासून ख्रिस्ती घरांतील स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ बाजूस काढून मंडळीस देत आल्या आहेत. मंडळ्यांनीं त्याचा हिशेब स्वतः ठेविला, म्हणून मिझो ख्रिस्ती मनुष्यास आज कोणी केवळ प्रतिग्रहीता म्हणत नाहीं. मूठ काढून ठेवणें आम्हांस अपरिचित नाहीं. 'मुष्टिफंड' हा शब्द मराठीच आहे. कापणीच्या सणास मंडळीचे लोक आपल्या शेतांतलें पहिलें कणीस, भाजी, कोंबडें देवळांत आणतात, त्याचा तेथेंच लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या खात्यांत जमा होते. हा व्यवहार खळ्यावरच्या बलुत्यास जवळचा आहे, शिकागोच्या धनादेशास नव्हे.

६. संग्राहकांस विनंति

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत एका हस्तलिखितानें केवढा फरक पडतो हें या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण रोमन लिपींतल्या मजकुरावरूनच ओळखलें जाई. सालढाणांची १९०७ ची मंगळूरची आवृत्तीहि रोमन लिपींतच होती. पुढें लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथीकडे जस्टिन ॲबट यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि त्या ग्रंथाच्या भाषेचा विचारच पालटला. मंडळीच्या हिशेबाची वही क्रिस्तपुराणाइतकी रसाळ नसेल. परंतु तिचा प्रश्न तितकाच मोठा आहे.

म्हणून यवतमाळ, दारव्हा, वणी, पुसद, पांढरकवडा या भागांत फिरणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सनदा शोधतांना मंडळीच्या वडिलांकडे व निवृत्त पाळकांकडेहि चौकशी करावी. पाहावयाचे कागद हे: साप्ताहिक अर्पणाच्या वह्या, कापणीच्या सणाच्या लिलावाच्या याद्या, गरिबांच्या निधीचे जमाखर्च, मंडळीच्या सभांचे ठराव, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी. यांतील अर्पणाची वही सर्वांत आधीं फाटते, कारण तिचें काम वर्षअखेर संपलें असें मानलें जातें. आणि आमच्या प्रश्नास तीच सर्वांत मोलाची आहे.

वही मिळाल्यास तीन नियम पाळावे. पहिला, मूळ वही मंडळीच्या ताब्यांतून हलवूं नये; तेथेंच नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें. दुसरा, अनाथालयांतून आलेल्या माणसांच्या कुळाच्या व जातीच्या नोंदी त्यांच्या वंशजांच्या संमतीवांचून छापूं नयेत. संशोधन म्हणजे कोणाच्या घराचें दार लोटणें नव्हे. तिसरा, रकमेचा आंकडा लहान दिसला म्हणून तो गाळूं नये. आणे-पैशांच्या रकान्यांतील एक आणा त्या दिवसाच्या मजुरीशीं ताडून पाहावा, म्हणजे तो किती मोठा होता तें कळेल. विधवेच्या दोन टोल्यांचें गणितहि असेंच मांडलें गेलें आहे: काय दिलें यापेक्षां मागें काय उरलें हें पाहून.

परदेशी देणगीदारांनीं या जिल्ह्यास जें दिलें त्याचें मोल कमी करण्याचा आमचा उद्देश नाहीं. भुकेल्यास अन्न देणाऱ्याचा गांव कोणी विचारूं नये. परंतु दानपत्रांत दात्याचें नांव अपुरें राहिलें असेल तर तें पुरें करणें हें संशोधकाचें काम आहे. ज्या मंडळीनें दुष्काळांत घेतलें तिनेंच पुढें काय व किती दिलें, हें तिच्याच मराठी अक्षरांत वाचावयास मिळेल तेव्हां या विषयाचा निवाडा करणें योग्य होईल. तोंपर्यंत अहवाल आणि आक्षेप हे दोन्ही एका पक्षाचे कागद समजून चालावें.